घरफोडी व गृहसंरक्षण

घरफोडी व गृहसंरक्षण : चोरीच्या उद्देशाने राहत्या घरात होणारा अनधिकृत प्रवेश, आणि असा प्रवेश होऊ नये म्हणून घरमालक, शेजार, गाव व शासन यांनी वेळोवेळी योजिलेले उपाय. चोरी, घरफोडी व दरोडा हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्यात मात्र ते भिन्न आहेत. दरोड्यात पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून केलेली जबरी लूट अभिप्रेत असते, तर घरफोडीत प्रवेशाची रीत महत्त्वाची असते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने घरफोडीच्या व्याख्येत भिंतीस भोक पाडणे, भिंत चढून जाणे, माणसांच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या मार्गाने शिरणे, इतकेच नव्हे तर कुलूप उघडणे यांचाही समावेश केला. मराठी शब्दात मात्र फोडण्याची क्रियाच ठळक राहिली आहे. ज्या काळी घराची मातीची भिंत ही त्याच्या दारापेक्षा कच्ची असे, त्या काळाची खूण त्या शब्दात टिकून आहे.

महाराष्ट्रात घराचे रक्षण ही गोष्ट एके काळी मुख्यतः गावाच्या जबाबदारीची होती. चोरी झाली, तर तिचा माग काढणे आणि तो न लागल्यास नुकसान भरून देणे, हे ठराविक लोकांवर बंधनकारक असे. गेल्या सुमारे दोनशे वर्षांत ही जबाबदारी हळूहळू घरमालकाच्या कडी-कुलपावर येऊन पडली. या स्थित्यंतरात काही कमावले गेले व काही गमावलेही गेले. त्याची किंमत ज्यांनी चुकविली, त्यांत गावाची राखण करणारेच लोक अग्रभागी होते.

या सामूहिक जबाबदारीची मुळे फार जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रा प्रमाणे गावात मुक्काम केलेल्या व्यापाऱ्याचा माल चोरीस गेला, तर गावच्या प्रमुखाने त्याची भरपाई करावयाची. दोन गावांमधील मोकळ्या रानात चोरी झाल्यास त्या प्रदेशावरील अधिकाऱ्याने ती करावयाची. याज्ञवल्क्यस्मृतीतही चोराची पावले गावाबाहेर गेल्याचे दाखविता आले नाही, तर दोष गावाच्या अधिपतीकडे जातो. अर्थशास्त्रातील नगरव्यवस्थेत रात्री वाद्य वाजवून संचारबंदी जाहीर केली जाई. तीतून सुईण, वैद्य, प्रेत वाहून नेणारे, दिवा घेऊन जाणारे इत्यादींना सूट असे. घरी आलेल्या व गेलेल्या परक्या माणसाची वर्दी गृहस्थाने द्यावी, न दिल्यास त्या रात्रीच्या अपराधाचा दोष त्याजवर यावा, असाही नियम होता. आजच्या शहरांतील भाडेकरूंच्या पोलीस-नोंदणीचे हे दूरचे पूर्वरूप म्हणता येईल.

चोराच्या बाजूचे चित्र शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकात सापडते, आणि ते कोणत्याही धर्मशास्त्रापेक्षा अधिक उद्बोधक आहे. शर्विलक हा चारुदत्ताच्या घराची भिंत फोडण्यापूर्वी जागेची पारख करतो. रोज सूर्यास अर्घ्य देताना पाणी पडून कोणता भाग मऊ झाला आहे, उंदरांनी माती कोठे उकरली आहे, हे तो पाहतो. मोजण्याची दोरी विसरल्याने जानव्याने माप घेतो. भोकातून आधी माणसाची प्रतिकृती पुढे सरकवितो. दार कुरकुरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. झोपलेली माणसे खरोखरच झोपली आहेत की सोंग घेऊन पडली आहेत, याची परीक्षा करतो. आत मृदंग, वीणा व पोथ्या पाहून घरमालक निर्धन असल्याचे त्याच्या ध्यानात येते, तेव्हा त्याची निराशा होते. यात विनोद आहे. परंतु घर निवडताना चोर काय पाहतो, याचे जे उत्तर नाटककाराने दिले आहे, त्यात आधुनिक अपराधशास्त्राने तत्त्वतः फारशी भर घातलेली नाही. घरात कोणी जागे आहे काय, बाहेरून कोणाची नजर पडते काय, आत शिरणे व निसटणे किती सोपे आहे आणि श्रमाच्या मानाने हाती काय लागेल, हेच ते प्रश्न होत.

घराची बांधणी ही या प्रश्नांना दिलेली पहिली उत्तरे असत. देशावरील वाड्याची रस्त्याकडील बाजू बहुधा बंद असे. जाड भिंती, खालच्या मजल्यावर खिडक्यांचा अभाव आणि उजेडवाऱ्यासाठी आतील चौक, ही रचना हवामानास अनुरूप होती, तशीच ती संरक्षणासही उपयोगी पडे. भक्कम दाराच्या एका फळीत लहानशी दिंडी ठेवीत. दिंडीतून आत येणाऱ्यास वाकावे लागे आणि वाकलेल्या माणसाची मान देवडीवर बसलेल्या पहारेकऱ्याच्या समोर येई. रात्री दाराआड घालावयाचा अडसर भिंतीत सोडलेल्या पोकळीतून सरकत असे. दार बाहेरून ढकलणाऱ्यास दाराशी नव्हे, तर भिंतीशी झगडावे लागे. धान्य पेवात, म्हणजे जमिनीखालील खड्ड्यात, साठवून त्याचे तोंड मातीने बुजवीत. पैसा व दागिने भिंतीतील चोरकप्प्यांत ठेवीत अथवा पुरून ठेवीत. मराठवाडा व खानदेशातील धाब्याच्या घरांना मात्र एक अंगभूत दोष होता. एका घराच्या सपाट छपरावरून दुसऱ्याच्या छपरावर सहज जाता येई आणि उजेडासाठी धाब्यात ठेवलेले भोक चोराच्याही उपयोगी पडे. अशा गावांचा भर घराच्या दारापेक्षा गावकुसावर व त्याच्या वेशीवर असे. वेस रात्री बंद झाली, की आतील सर्व घरे जणू एकाच वाड्यात येत.

कोकणातील घर याहून वेगळे. कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, कौलारू अथवा गवती छप्पर, पुढे ओटी व पडवी, मागे परसाकडे उघडणारे दार, अशा घरात भिंत फोडण्याचीही आवश्यकता नसे. चार कौले उचकटली, की चोर माळ्यावर उतरू शके. दगडी गडगा किंवा काट्याकुट्यांची वई ही गुरांना अडविण्यापुरतीच होती. या घरांचे खरे रक्षण ओटीवर निजणारी माणसे व अंगणातील कुत्री करीत. चोरण्याजोगा ऐवजही मर्यादित असे. भात कणगीत, तांब्यापितळेची भांडी फळीवर आणि सोने असेल तर ते बाईच्या अंगावर, अशी साधारण स्थिती होती.

परंतु भिंती व अडसर यांपेक्षा महत्त्वाची होती ती गावराखणीची व्यवस्था. देशावर रामोशी व महार, खानदेशात बहुधा भिल्ल, हे जागल्याचे काम वतन म्हणून करीत. पेशवाईच्या पाडावानंतर जिंकलेल्या मुलखाची पाहणी करून मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल सिद्ध केला, त्यात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. रात्री गावात कोण आले व कोण गेले, याची माहिती ठेवणे, परक्यावर नजर ठेवणे, संशयिताची वर्दी पाटलास देणे आणि गावातील प्रत्येक माणसाची चालचलणूक जाणून असणे, ही जागल्याची कर्तव्ये होती. चोरी झालीच, तर तो पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई व तेथे पुढील गावाच्या जागल्यास माग दाखवून देई. तो आपल्या हद्दीतून पुढे नेऊन देण्याची जबाबदारी मग त्या गावाची. अशा रीतीने माग ज्या गावी थांबे, ते गाव चोरीच्या मालास जबाबदार ठरे. जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे भरपाई करावयाची आणि उरलेली रक्कम गावावर बसावयाची.

ही भरपाई न्याय्य नव्हती, असे एल्फिन्स्टनने त्याच अहवालात नमूद केले आहे. कारण चोरी रोखणे किंवा नुकसान सोसणे, दोन्ही गावाच्या आवाक्याबाहेरचे असू शके. म्हणूनच ती पूर्णपणे क्वचितच वसूल होई. तथापि काही दंड बहुधा घेतला जाई. हे मत रास्त असले, तरी व्यवस्थेचा एक परिणाम नाकारता येत नाही. आपल्या हद्दीत माग येऊन थांबू नये, यात गावातील प्रत्येकाचा हितसंबंध गुंतलेला होता. परक्याकडे पाहण्याची नजर ही कोणाच्या सद्‌भावनेवर किंवा शेजारधर्मावर अवलंबून नव्हती. तीमागे दंडाची भीती होती. आज ‘दक्ष नागरिक’ या शब्दप्रयोगात जी अपेक्षा व्यक्त होते, तिला असा कोणताच आधार नसतो.

व्यवस्थेची दुसरी बाजू काळोखी होती. राखण करणाराच चोरांशी संधान बांधून आहे, राखणीचा हक्क म्हणजे चोरी न करण्याबद्दल दिलेली खंडणी होय, असा संशय रामोशांविषयी सतत घेतला जाई. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ही म्हण अशा संशयालाच शब्दरूप देते. संशय काही ठिकाणी खरा असेल. परंतु तो घेणाऱ्यांनी हेही पाहावयास हवे होते, की जागल्याचे उत्पन्न थोडे, काम रात्रीचे आणि नुकसानीचा पहिला भार त्याच्याच डोक्यावर होता. महारांच्या बाबतीत तर वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस कोणत्याही सरकारी वा गावकीच्या कामास हजर राहण्याची सक्ती होती.

शहरांत रात्रीचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. पेशवेकालीन पुण्यात रात्री तोफ होत असे व त्यानंतर रस्त्यावर आढळणाऱ्यास सकाळपर्यंत चौकीत अडकवून ठेवीत. मोठमोठ्या असामींनाही हा नियम लागू केला गेल्याच्या कथा परकीय प्रवाशांनी लिहून ठेवल्या आहेत. घाशीराम कोतवालाच्या कारकीर्दीत (१७७७–९१) हा बंदोबस्त अत्यंत कडक होता. तिचा शेवटही त्याच कडकपणातून झाला. ऑगस्ट १७९१ मध्ये चोर समजून कोंडलेल्या तेलंग ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मरण पावले आणि खवळलेल्या जमावाने घाशीरामास दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. मात्र त्या प्रकरणामागे चोरीच्या भयाने संमत झालेली अनिर्बंध सत्ता होती, हा धागा चर्चेत फारसा येत नाही.

ब्रिटिश अंमलात गावाची जबाबदारी व जागल्याचा अधिकार ही दोन्ही क्षीण झाली. पुरंदर परिसरातील रामोशांचे गडाच्या बंदोबस्तावरील जुने हक्क आधीच गेले होते. तेथील उमाजी नाईक याने उठाव केला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यास पुणे येथे फाशी देण्यात आले. त्याला पकडण्याच्या मोहिमेशी संबंधित असलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने पुढील वर्षी रामोशांवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. राखणदारांची इतकी तपशीलवार माहिती प्रथम लिहिली गेली, ती त्यांना गुन्हेगार मानून, ही गोष्ट लक्षणीय आहे. मुंबई इलाख्यात १८६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील व त्याचे हाताखालील लोक जिल्हा पोलिसांच्या यंत्रणेशी जोडले गेले. जन्मावरून गुन्हेगार ठरविणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ मध्ये झाला. तो १९११ च्या अधिनियमाने मुंबई इलाख्यासही लागू झाला. सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आड वसाहती उभ्या राहिल्या व त्यांतील लोकांना हजेरी द्यावी लागे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी समाजाचा समावेश आहे. ज्यांच्या भरवशावर गाव निजत असे, त्यांच्यापैकी एका समाजाची शासकीय ओळख अशा रीतीने घडली.

महार वतनाच्या बाबतीत बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष निर्मूलन १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणाऱ्या अधिनियमाने झाले. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटील हा नियुक्त अधिकारी झाला. वतन संपले, हे सर्वस्वी योग्य झाले. मात्र त्याबरोबर रात्री गावात फिरणारा माणूसही नाहीसा झाला आणि त्याची जागा वेतन देऊन कोणी भरली नाही. ग्रामसुरक्षा दले अधूनमधून, विशेषतः एखाद्या भागात चोऱ्यांची लाट आल्यावर, उभी राहतात व लाट ओसरली की विरतात. अलीकडे एकाच वेळी गावातील सर्वांच्या दूरध्वनीवर संदेश पोहोचविणारी यंत्रणाही अनेक ठिकाणी वापरली जाते.

गावाची नजर दुबळी होत असतानाच यांत्रिक कुलूप सुधारत होते. जुन्या कुलपांत किल्लीच्या मार्गात पत्र्याचे अडथळे असत. त्यांना चुकविणारी एकच बारीक किल्ली अशी अनेक कुलपे उघडू शके. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ मध्ये तरफांचे कुलूप बनविले. त्यात प्रत्येक तरफ नेमक्या उंचीपर्यंत उचलावी लागते. कमी अथवा अधिक उचलल्यास बोल्ट सरकत नाही. जेरेमाया चब याच्या १८१८ च्या कुलपात तर एखादी तरफ जादा उचलली गेली, की ती अडकून बसे व कोणी छेडछाड केल्याचे मालकास समजे. लायनस येल (धाकटा) याने १८६० नंतर प्रचारात आणलेल्या खिळ्यांच्या नळकांडी कुलपाने लहान, चपटी किल्ली रूढ केली. या सर्व प्रगतीस छेद देणारी घटना लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात घडली. ए. सी. हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने चबचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले आणि जोसेफ ब्रामा याचे अभेद्य मानलेले कुलूप अनेक दिवसांत मिळून सुमारे ५१ तास काम करून उघडले. कुलूप चोरास अडवीत नाही, त्याचा वेळ घेते, ही गोष्ट तेव्हापासून धंद्यातील लोकांनी मान्य केली. तिजोऱ्यांची प्रतवारीही त्या फोडण्यास किती वेळ लागतो यावरून होऊ लागली.

महाराष्ट्रात या उद्योगाचा पाया अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईतील लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढून घातला. १९०२ पासून तेथे तिजोऱ्या होऊ लागल्या, तर १९२३ मध्ये पोलादी कपाटांचे उत्पादन सुरू झाले. हे कपाट पुढे मध्यमवर्गीय संसाराचे चिन्हच झाले. लग्नात ते दिले जाऊ लागले व त्याच्या आतील चोरकप्प्यात दागिने ठेवण्याची पद्धत पडली. ही सोय होतीच, पण तिने चोराचेही एक काम हलके केले. वाड्याच्या भिंतीत कोठे काय दडविले आहे, हे घरच्याच माणसास ठाऊक असे. कपाट मात्र प्रत्येक घरात निजण्याच्या खोलीत, ठरल्या जागी उभे असते.

मुंबईतील चाळीत या यंत्रसामग्रीचे फारसे काम पडले नाही. सामाईक सज्जावर ओळीने उघडणारी दारे, दुपारभर त्याच सज्जावर चालणारी निवडणे-टिपणे, पाळण्यातील मुले व म्हातारी माणसे, यांमुळे परका माणूस जिना चढताच ‘कोण पाहिजे?’ असा प्रश्न त्यास येई. जेन जेकब्झ या अमेरिकन लेखिकेने १९६१ मध्ये शहरांवरील आपल्या ग्रंथात रस्त्यावर लोकांची नजर असण्याचे महत्त्व सांगितले आणि ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदाने १९७२ मध्ये रहिवाशांना आपली वाटणारी, त्यांच्या नजरेत राहणारी जागा सुरक्षित राहते, असे प्रतिपादन केले. गिरगाव-परळच्या रहिवाशास यात नवे असे काही वाटले नसते. अर्थात चाळीत एकांत नव्हता, आणि सदनिकांकडे लोक धावले ते त्याच एकांतासाठी.

या बदलाचा पुढील टप्पा पनवेल परिसरात स्पष्ट दिसतो. खारघरच्या डोंगराजवळील ओवे हे पनवेल तालुक्यातील (रायगड जिल्हा, १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) भातशेतीचे गाव. मार्च १९७० मध्ये शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची (सिडको) स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण भागांतील गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. ओव्याच्या सभोवती खारघर उपनगर वाढले आणि २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत या गावाचा समावेश झाला. गावठाण, त्यालगतची वाढीव घरे आणि पलीकडे क्रमांकांनी ओळखली जाणारी बहुमजली इमारतींची क्षेत्रे, अशा तीन प्रकारच्या वस्त्या अशा गावांच्या ठिकाणी एकमेकींस लागून आहेत.

गावठाणाच्या अरुंद गल्लीत परक्या माणसाची दखल अद्यापही घेतली जाते. पलीकडच्या क्षेत्रांत पहारा नेमलेला आहे, भिंती पक्क्या आहेत, दारे दुहेरी आहेत. परंतु नवराबायको सकाळी लोकलने मुंबईस जातात, मुले शाळेत असतात आणि समोरच्या दारामागे कोण राहते, हे पुष्कळदा ठाऊक नसते. लॉरेन्स कोहेन व मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील वाढत्या घरफोड्यांचे जे स्पष्टीकरण दिले, ते येथे लागू पडते. चोर अधिक दुष्ट झाले नव्हते. घरे दिवसा रिकामी राहू लागली होती व आतील वस्तू हलक्या आणि मौल्यवान झाल्या होत्या. कायदा मात्र अद्याप रात्रीसच भितो. भारतीय दंड संहितेत चोरीसाठी केलेल्या दिवसाच्या घरफोडीस दहा, तर रात्रीच्या घरफोडीस चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने हा भेद कायम ठेवला आहे. निजलेल्या कुटुंबाच्या जीवितास रात्री अधिक धोका असतो, हे त्याचे समर्थन आजही टिकते; परंतु सदनिकेचा चोर दुपारीच येतो, कारण त्याला कुटुंब नकोच असते.

पोलिसांच्या फिर्यादींत ‘कटावणीने कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द इतके नेहमीचे आहेत, की त्यांवरून घराचा कच्चा भाग सहज ओळखता येतो. कुलूप कितीही उत्तम असले, तरी ते ज्या कोयंड्यात अडकविलेले असते, तो चार लहान स्क्रूंनी पातळ चौकटीवर बसविलेला असतो. चोर कुलपास हातच लावीत नाही. शिवाय बाहेर लटकणारे कुलूप म्हणजे घरात कोणी नसल्याची पाटीच होय. दाराच्या जाडीत बसविलेले कुलूप हे सांगत नाही, आणि अनेक घरफोड्या टळण्यास एवढा संदिग्धपणाही पुरतो. साचलेली वर्तमानपत्रे, दाराशी राहिलेल्या दुधाच्या पिशव्या, दिवाळीत किंवा मे महिन्यात सलग काही दिवस अंधारात असलेली खिडकी, ही त्याच अर्थाची इतर चिन्हे होत. ब्रिटनमधील ट्रेव्हर बेनेट व रिचर्ड राइट यांनी १९८४ मध्ये प्रत्यक्ष घरफोड्यांच्या मुलाखतींवर आधारलेला जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही घरात कोणी असल्याची खूण आणि शेजाऱ्यांच्या नजरेचा संभव यांना कुलपांहून अधिक वजन असल्याचे दिसून आले. रॉचडेलजवळील कर्कहोल्ट वसाहतीत १९८६ पासून राबविलेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली. एकदा फोडलेले घर थोड्याच काळात पुन्हा फोडले जाण्याचा संभव मोठा असतो. म्हणून तेथे चोरी झालेल्या घराभोवतीच्या पाचसहा शेजाऱ्यांनाच लक्ष ठेवण्यास सांगितले गेले, नाण्यांवर चालणारे मीटर काढून टाकले गेले आणि घरफोड्यांत मोठी घट झाली. सगळ्या वसाहतीस जागे ठेवण्याऐवजी एका घराभोवती राखण, ही कल्पना मुद्दाम नोंद घेण्याजोगी आहे. गृहनिर्माण संस्थांस ती खर्चाशिवाय अंमलात आणता येते.

लोखंडाचा वापर मात्र विचारपूर्वक करावा लागतो. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांना घरफोडीस प्रतिकार करणारी दारे-खिडक्या सक्तीच्या झाल्या व अशा घरांतील घरफोड्या सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या. तेथे भर चांगल्या चौकटीवर व कड्यांवर होता. मुंबई व नवी मुंबईत त्याऐवजी खिडक्यांबाहेर पिंजऱ्यासारख्या जाळ्या लावण्याची प्रथा पडली. त्या खालच्या मजल्यावर उपयुक्त असल्या, तरी त्यांच्याच आडव्या पट्ट्यांची वरच्या मजल्याच्या चोरास शिडी होते. आणि आग लागल्यास, न उघडणारी जाळी घरच्या माणसांनाच कोंडून टाकते. आतून उघडता येणारा भाग ठेवावा, ही अग्निशमन अधिकाऱ्यांची सूचना बहुतेक घरांत दुर्लक्षिली जाते. छायाचित्रण करणाऱ्या यंत्रांचा उपयोग चोर पकडण्यास पुष्कळ होतो. त्यांस पागी किंवा जागल्या यांचा वारसदार म्हणता येईल, कारण तेही मागच काढतात. परंतु चोरी चालू असताना ‘कोण पाहिजे?’ असे ते विचारीत नाहीत.

तो प्रश्न विचारण्याचे काम आता फाटकावरील पहारेकऱ्याकडे आहे. मुंबईत पूर्वी पठाण व गुरखे हे काम करीत. शिट्टी व काठी यांच्या आवाजाने रात्रीचे तास मोजले जात. महाराष्ट्र खासगी सुरक्षारक्षक अधिनियम, १९८१ हा या कामगारांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी झाला, तर २००५ च्या केंद्रीय अधिनियमाने सुरक्षा पुरविणाऱ्या संस्थांस परवाना आवश्यक केला. जुन्या जागल्यास गावातील प्रत्येकाची माहिती असे. आजचा पहारेकरी बहुधा दूरच्या प्रांतातून आलेला, बारा-बारा तासांच्या पाळीत काम करणारा व वरचेवर बदलणारा असतो. चोरी झाली, की पहिला संशय त्याजवरच घेतला जातो, ही एक गोष्ट मात्र बदललेली नाही.

घरात मौल्यवान वस्तू ठेवूच नयेत, या सल्ल्याने दागिने बँकांच्या लॉकरांत गेले. तेथेही शर्विलकाची रीत उपयोगी पडली. ओव्यापासून थोड्याच अंतरावरील जुईनगर येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरांनी शेजारचा एक गाळा भाड्याने घेऊन तेथून भुयार खणले, सुटीच्या दिवसांत बँकेच्या लॉकरखोलीत प्रवेश केला व सुमारे ३० लॉकर फोडले. दाराची मजबुती व फाटकावरील पहारा या दोहोंना त्यांनी स्पर्शही केला नाही. लॉकरमधील ऐवजाबद्दल आपली जबाबदारी नाही, अशी भूमिका बँका दीर्घकाळ घेत आल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ती अमान्य केली आणि रिझर्व्ह बँकेच्या त्यानंतरच्या निर्देशांनुसार १ जानेवारी २०२२ पासून चोरी, घरफोडी, दरोडा, आग इत्यादींमुळे अथवा कर्मचाऱ्यांच्या लबाडीमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतके ठरविण्यात आले. चोरीच्या नुकसानीचा काही भाग राखणाऱ्याने सोसावा, हे तत्त्व अशा प्रकारे मर्यादित रूपात कायद्यात परत आले. या वेळी ते लागू झाले आहे, ते मात्र भाडे घेणाऱ्या संस्थेस.